केसाच्या मुळाशी

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या जुन्या मराठी घरांत अंगावर पांढरे डाग येण्याच्या आजाराला सरळ 'कोड' म्हणतात. शेजारची गुजराती बाई 'कोढ' म्हणते, आणि तिच्याही मनात पांढरे डागच असतात. पण त्याच गल्लीत उत्तरेकडून आलेलं एखादं बिऱ्हाड असलं, तर त्यांच्या हिंदीत 'कोढ' म्हणजे महारोग. पांढऱ्या डागांना ते 'सफेद दाग' म्हणतात. उच्चार जवळजवळ तोच, आजार मात्र वेगळा. बडोद्यात माणूस दिवसातून तीन भाषा बोलतो, त्यामुळे हा घोळ शाळेच्या फाटकापर्यंत आणि लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतो.

म्हणून आधी तेवढं स्पष्ट करून टाकतो. कुष्ठरोगाचा डाग फिकट असतो, दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, आणि त्यावर संवेदना कमी झालेली असते. कापसाची बारीक वात करून डोळे मिटलेल्या माणसाच्या डागावर टेकवली तर त्याला ती बऱ्याचदा कळत नाही. कोडाच्या डागावर स्पर्श, ऊन, गार सगळं शेजारच्या त्वचेइतकंच कळतं. कोड स्पर्शानं पसरत नाही, ताट-वाटी एक केल्यानं पसरत नाही. कुष्ठरोग हे हिंदू विवाह कायद्यातलं घटस्फोटाचं कारण २०१९च्या दुरुस्तीनं वगळलं गेलं. कोड तर त्या यादीत कधीच नव्हतं. तरीही बाह्या लांब शिवल्या जातात. एखादी मुलगी चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मोजे घालून फिरते, तेव्हा मला त्या डागापेक्षा त्या मोज्यांचं जास्त वाईट वाटतं.

आता मूळ गोष्ट. दवाखान्यात रोगी विचारतो, 'डाग भरेल का?' मराठीतलं हे क्रियापद विलक्षण नेमकं आहे. जखम भरते, विहीर भरते, तसा डाग भरतो. म्हणजे कुठून तरी भरणारं काही यावं लागतं. कोडात त्वचेच्या वरच्या थरातल्या रंगपेशी, मेलानोसाइट, मारल्या जातात. मारणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच असतात, प्रतिकारशक्तीच्या सीडी-८ जातीच्या टी-पेशी. त्या इंटरफेरॉन-गॅमा हे निरोपाचं प्रथिन सोडतात. त्यानं त्वचेतल्या साध्या पेशी जागृत होऊन सीएक्ससीएल-१० सारखे हाकारे पाठवतात. ते ऐकून आणखी टी-पेशी गोळा होतात. हा निरोप पेशीच्या आत पोचवणारी साखळी म्हणजे जॅक आणि स्टॅट ही प्रथिनं. पण केसाच्या मुळाशी, त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या एका फुगीर भागात, रंगपेशींच्या मूळपेशी दडलेल्या असतात, आणि तिथपर्यंत हा हल्ला सहसा पोचत नाही. हीच डागाची विहीर.

प्रकाशानं किंवा औषधानं हल्ला थोपला, की या मूळपेशी जाग्या होतात, वाढतात, केसाच्या आवरणाच्या कडेनं वर चढतात आणि केसाच्या तोंडाशी येऊन गोल पसरतात. डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके उमटतात ते याच वाटेनं. काही आठवड्यांत ते मोठे होतात, एकमेकांना भिडतात. इथे एक चूक फार वेळा होते. एकसारखा पांढरा डाग मध्येच ठिपक्याठिपक्यांचा, चित्ताच्या कातडीसारखा दिसू लागतो, घरचे घाबरतात, 'औषध बाधलं' म्हणून उपचार बंद करतात. नेमका तेव्हाच तो लागू पडत असतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे आकडे आपोआप उलगडतात. गालावर, पापणीवर, मानेवर केसांची मुळं दाट. तिथे डाग भरतो. बोटांच्या टोकांवर, ओठांवर, तळव्यावर केसच नाहीत. तिथे विहीरच नाही. आणि डागातले केसही पांढरे झाले असतील, तर विहीर आहे पण कोरडी. म्हणून उपचार निवडण्याआधी भिंगातून डागातली लव पाहावी. लव काळी असेल तर औषधाला वाव आहे.

अथर्ववेदातल्या एका सूक्तात रात्री जन्मलेल्या काळ्या वनस्पतीला विनवणी आहे: किलास आणि पलित या दोन्हींना रंग दे. किलास म्हणजे त्वचेवरचे पांढरे डाग, पलित म्हणजे पांढरे केस. दोन्ही एकाच मागणीत बांधलेली पाहून मला दरवेळी थबकायला होतं. केसाच्या मुळाचं शास्त्र त्या ऋषीला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. पण डाग आणि पांढरा केस शेजारी शेजारी पाहण्याची नजर त्याच्याकडे होती.

त्या परंपरेतली बावची आजही रावपुऱ्यातल्या गांधियाच्या, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याच्या, दुकानात मिळते. तिच्या बियांत सोरालेन असतं, आणि ते थोतांड नाही. सोरालेन त्वचेत असताना अतिनील-ए किरण पडले की डीएनएवर त्याचा परिणाम होतो. रंगपेशी वाढायला मदत होते आणि टी-पेशी दबतात. इजिप्तमध्येही अशीच एक वनस्पती परंपरेनं वापरात होती, आणि १९४०च्या दशकात कैरोत अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी तिच्यातून मिळालेलं मेथॉक्सीसोरालेन कोडासाठी वापरून दाखवलं. पुढची 'पुवा' चिकित्सा, म्हणजे सोरालेन आणि अतिनील-ए एकत्र, तिथून उभी राहिली. अडचण मात्रेची आहे. बियांच्या तेलात सोरालेन किती, हे बाटलीगणिक बदलतं, आणि बडोद्याच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हाची मात्रा कोणाच्याच हातात नसते. तेल चोळून गच्चीत पंधरा मिनिटं बसलेल्या माणसाला दोन दिवसांनी टरारून फोड येतात. फोड म्हणजे इजा, आणि कोडात इजेच्या जागी नवा डाग उठतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोरालेनचं लोशनसुद्धा ०.१ टक्का किंवा त्याहून पातळ करून घ्यायचं असतं. बाजारातलं एक टक्क्याचं तसंच लावलं तर हाच फोडांचा प्रसंग. गोळी घेतली असेल तर त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत गडद चष्मा हवा, घरात खिडकीशी बसलात तरीही.

सोरालेनशिवायच काम भागतं, हे १९९७मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं. ३११ ते ३१३ नॅनोमीटरचा अतिनील-बीचा अरुंद पट्टा, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी. आज पसरलेल्या कोडावर जगभर पहिला उपचार हाच. २०१७मध्ये ३५ अभ्यासांतल्या १,४२८ रुग्णांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. तीन चतुर्थांशाहून जास्त रंग परतलेल्यांचं प्रमाण सहा महिन्यांनी १९.२ टक्के आणि बारा महिन्यांनी ३५.७ टक्के होतं. जागेप्रमाणे पाहिलं तर चेहरा आणि मान ४४.२ टक्के, धड २६.१, हातपाय १७.३, आणि पंजे-पावलं शून्य. हे शून्य वाचून मन खट्टू होतं, पण ते आधीच सांगायला हवं. बोटांसाठी वर्षभर आठवड्यातून तीनदा खेपा घालणाऱ्या माणसाला ते कुणी न सांगणं हा अन्याय आहे.

प्रकाशाची मात्रा नेमकी मोजता येते. व्हिटिलिगो, म्हणजे कोड, यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या व्हिटिलिगो वर्किंग ग्रुपच्या शिफारशीप्रमाणे सुरुवात दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिज्यूलनं करायची, आठवड्यातून तीन वेळा, सलग दोन दिवस कधीच नाही. दर खेपेला १० ते २० टक्के वाढ. डागावर फिकट गुलाबी छटा आली आणि ती चोवीस तासांच्या आत मावळली की तीच योग्य मात्रा. गुलाबी छटा दुसऱ्या दिवशीही राहिली तर मात्रा वाढवायची नाही. दुखरा लाल झाला किंवा फोड आला तर थांबायचं, आणि बरं झाल्यावर कमी मात्रेनं सुरू करायचं. कमाल मर्यादा चेहऱ्याला १,५००, अंगाला ३,००० मिलिज्यूल. सेकंदांचं गणित सोपं आहे: मात्रेला दिव्याच्या तीव्रतेनं भागायचं. दिवा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट देत असेल तर २०० मिलिज्यूलला ४० सेकंद. मात्र नळ्या जुन्या होतात, तीव्रता उतरते, आणि कार्डावर चार मिनिटं लिहिलेली असली तरी अंगावर तीन मिनिटांचाच प्रकाश पडतो. नव्या नळ्या बसवल्या त्या दिवशी जुनीच मिनिटं दिली की भाजतं. मीटरनं मोजणी केव्हा झाली, हे विचारायला रुग्णानं संकोचू नये.

आणि खाडे. आपल्याकडे उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी दोन दिवसांची नसतेच; पाहुणे, उंधियू, गच्ची, असा आठवडा जातो. चार ते सात दिवस चुकले तर मात्रा तीच ठेवायची. आठ ते चौदा दिवस चुकले तर पाव कमी. पंधरा ते एकवीस दिवसांना निम्मी. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की पुन्हा २००पासून. 'मागची भरपाई' म्हणून जास्त घेण्याचा विचारही मनात आणू नये. उपचार फोल गेला असं म्हणायच्या आधी निदान ४८ खेपा व्हायला हव्यात; काहींना ७२ही लागतात. आठवड्याला तीन धरले तर ४८ खेपा म्हणजे चार महिने, आणि माणसं बहुतेक दीड-दोन महिन्यांत सोडतात. त्यांना दोष देववत नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळी करणाऱ्यानं आठवड्यातले तीन अर्धे दिवस कुठून आणायचे?

हाच प्रश्न मनात धरून इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी हाय-लाइट नावाची चाचणी घेतली. ५१७ जण, घरी वापरायचा हातातला यूव्हीबी दिवा आणि मोमेटासोनचं स्टेरॉइड मलम, एक आठवडा लावायचं, एक आठवडा सोडायचं, नऊ महिने. काहींना खरा दिवा आणि खोटं मलम, काहींना खोटा दिवा आणि खरं मलम, काहींना दोन्ही खरे. यश कशाला म्हणायचं, हे ठरवलं रुग्णांनी: 'डाग आता खूपच कमी नजरेत येतो' किंवा 'येतच नाही'. नुसत्या मलमाला १७ टक्के, नुसत्या दिव्याला २२, दोन्हींना २७. आकडे लहान आहेत, आणि म्हणूनच मला ते विश्वासाचे वाटतात. ज्यांनी ठरलेल्यापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त खेपा केल्या त्यांचा निकाल इतरांहून चांगला होता. आणि उपचार थांबवल्यावर वर्षभरात यश मिळालेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांचं ते ओसरलं.

चाचणीत डाग मोजतात कसा, हेही समजून घ्यावं, कारण जाहिरातीतला 'नव्वद टक्के गुण' आणि चाचणीतले 'पंचाहत्तर टक्के' ही दोन वेगळी मापं आहेत. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. जितके तळहात डाग, त्याला तो किती पांढरा (१०, २५, ५०, ७५, ९०, १००) त्या टक्क्यानं गुणायचं. या मापाला 'व्हासी' म्हणतात. समजा पोटावर दोन तळहात डाग आहे आणि तो ९० टक्के पांढरा: २ गुणिले ०.९, म्हणजे १.८. सहा महिन्यांनी अर्धा भरला, तर २ गुणिले ०.५, म्हणजे १.०. आरशात फरक ढळढळीत दिसतो, पण मापात सुधारणा ४४ टक्केच. घरी करायचं असेल तर डागावर बटरपेपर ठेवून बारीक पेनानं कडा उतरवून घ्यावी, तारीख घालावी, आणि दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीशी, सकाळी, त्याच अंतरावरून फोटो काढावा. हिवाळ्यात आजूबाजूची त्वचा उजळते तेव्हा डाग फिका, म्हणजे 'भरल्यासारखा' वाटतो. उन्हाळ्यात उलट. ऋतू बदलला की मन फसतं, बटरपेपर फसत नाही.

मन फसतं म्हणूनच तुलनेचा गट लागतो. २०२२मध्ये रुक्सोलिटिनिब या जॅक रोखणाऱ्या मलमाला अमेरिकेत जुलैमध्ये मान्यता मिळाली, बारा वर्षांवरच्यांसाठी, दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या कोडावर. त्यामागे ट्रू-व्ही नावाच्या दोन चाचण्या, मिळून ६७४ जण. मलम १.५ टक्क्याचं, दिवसातून दोनदा. चोवीस आठवड्यांनी चेहऱ्याच्या मापात ७५ टक्के सुधारणा झालेले: पहिल्या चाचणीत औषधावर २९.८ टक्के, नुसत्या आधारमलमावर ७.४, दुसरीत ३०.९ आणि ११.४. बावन्न आठवड्यांनी औषधावरचे जवळपास निम्मे. यातले ७.४ आणि ११.४ हे आकडे मला सर्वांत मोलाचे वाटतात. औषध नसलेलं मलम लावून दहा-बारांतल्या एकाचा चेहरा तीन चतुर्थांश सुधारला! ते खोटं बोलले नाहीत; कोड कधी कधी आपोआपही भरतं. त्या एकाला कुणी चूर्ण दिलं असतं, तर तो आयुष्यभर त्या चूर्णाचे गुण गाईल, आणि मनापासून गाईल. वर्तमानपत्रात छापून येणारे अनुभव असे तयार होतात. अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. जादूई उपचारांविरुद्धच्या त्या कायद्याच्या यादीत 'ल्युकोडर्मा', म्हणजे कोड, नावानिशी आहे.

त्या चाचण्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. चेहऱ्यावरच्या डागांत एकही रंगीत केस नसलेल्यांना त्यांत घेतलंच नव्हतं; पुन्हा तीच विहीर. आणि भाग घेणारे पाचांत चार गोरे, युरोप-अमेरिकेतले होते. आपल्या सावळ्या त्वचेवर कोड जास्त उठून दिसतं, तरी आपली माणसं त्या आकड्यांत फार थोडी आहेत. ही उणीव मला खटकते. मलमाचं प्रमाण मात्र सगळ्यांना सारखं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांना पुरते. दोन तळहातांवर दिवसाला दोनदा म्हणजे रोज एक ग्रॅम. सहा महिन्यांचा खर्च सुरुवातीलाच मांडून पाहावा. तिसऱ्या महिन्यात ट्यूब परवडेनाशी होणं हे उपचार फसण्याचं फार मोठं कारण आहे.

भरलेला डाग परत का येतो, आणि नेमका त्याच जागी, तीच कडा घेऊन का? कारण हल्ला करणाऱ्या टी-पेशींपैकी काही तिथेच मुक्काम करतात. त्या रक्तात फिरत नाहीत, त्वचेतच राहतात, आणि आयएल-१५ नावाचं प्रथिन त्यांना जगवतं. औषधाचं दडपण उठलं की त्या जुनी ओळख विसरलेल्या नसतात. म्हणून डाग भरल्यानंतरचा काळही उपचाराचाच. फ्रान्समधल्या एका चाचणीत भरलेल्या डागांवर आठवड्यातून दोनदा ०.१ टक्का टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दडपणारं मलम सहा महिने लावलं. नियमानं पूर्ण करणाऱ्यांत डाग परतण्याचं प्रमाण ९.७ टक्के, खोटं मलम लावणाऱ्यांत ४० टक्के. आठवड्यातून दोन रात्री, एवढंच. टॅक्रोलिमस पहिले काही दिवस चुरचुरतं. ट्यूब फ्रीजमध्ये ठेवून गार लावलं तर सहन होतं.

या पेशी मुळात चिडतात कशानं, याचा एक धागा आपल्या गावातही विणला गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात गुजरातमधल्या रुग्णांच्या रक्तावर वर्षानुवर्षं काम झालं आहे: ऑक्सिडीकरणाचा ताण, तो निस्तरणारी विकरं, प्रतिकारशक्तीच्या जनुकांमधले फरक. रंगपेशी रंग बनवतानाच स्वतःवर ताण ओढवून घेते. ती कमकुवत असली की तो ताण तिच्या नाशाची सुरुवात ठरतो. काही रसायनं ही ठिणगी बाहेरून टाकतात. टिकलीच्या डिंकातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे त्यातलं ठळक उदाहरण. कपाळावर टिकलीच्याच जागी, टिकलीएवढाच पांढरा गोल दिसला की त्याच दिवशी टिकली बंद. हळदीकुंकवाला हळदीचं साधं कुंकू लावावं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली इंग्रजी व्हीच्या आकाराचा डाग उठतो तोही रबरातल्या रसायनामुळे. चप्पल बदलावी, कापडाच्या पट्ट्याची घ्यावी. केसांच्या कलपाच्या कडेनं डाग येत असेल तर कलप सोडावा. वेळेत संबंध तोडला तर असे डाग कधी आपणहून भरतात.

इजेची गोष्ट वर आलीच आहे. खरचटलं, भाजलं, सतत घासलं, की त्या रेषेत कोड उठतं. याला कोब्नर परिणाम म्हणतात. उत्तरायणात मांज्यानं कापलेल्या बोटावर, म्हणजे जिथे केस नाहीत आणि डाग भरत नाही अशाच जागी, नवी पांढरी रेघ उठते. पसरतं कोड असलेल्या मुलाला पतंगापासून तोडू नये. पण बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळून द्यावी. परकराची किंवा चनियाची नाडी नवरात्रात नऊ रात्री आवळली की कमरेभोवती पांढरं कडं दिसू लागतं. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावावं, आणि ते रोज दोन बोटं वर-खाली सरकवावं. अंग पुसताना खसाखसा घासू नये, टिपून घ्यावं.

कोड वेगानं पसरत असेल तर आधी पसरणं थोपवायचं, भरण्याचं नंतर. तांदळाच्या कणीसारखे बारीक विखुरलेले ठिपके, पांढरा आणि नेहमीचा यांच्यामध्ये तिसरा फिकट रंग, धूसर कडा, ही पसरण्याची चिन्हं. इथे भारतातलं काम जगात वापरलं जातं. दिल्लीच्या एम्समध्ये पसरिचा आणि खेतान यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत: बीटामेथासोन हे स्टेरॉइड, ५ मिलिग्रॅम, न्याहारीनंतर, आठवड्यातले सलग दोनच दिवस. पसरतं कोड असलेल्या ३६ जणांपैकी ३२ जणांचं पसरणं एक ते तीन महिन्यांत थांबलं. पाच दिवस मोकळे ठेवल्यानं स्टेरॉइडचे दुष्परिणाम कमी होतात. नाहीसे होत नाहीत. साखर, रक्तदाब, वजन पाहत राहावं लागतं, आणि 'चांगलं वाटतंय' म्हणून स्वतःच्या मनानं रोज घेणं धोक्याचं.

आणि कोड निदान वर्षभर स्थिर राहिलं, नवा डाग नाही, जुना वाढला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं कोड लवकर स्थिर होतं, त्याला हा उपाय चांगला मानवतो. विहीर कोरडी आहे, तर दुसरीकडून पाणी आणायचं. मांडीवरून पातळ पापुद्रा काढतात, डागाच्या साधारण एक दशांश. तो ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या विकरात, ३७ अंशांवर तासभर ठेवतात. वरचा थर सुटतो, पेशी मोकळ्या होतात, फिरवून तळाशी बसवतात. डागाची त्वचा टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतील इतकीच घासायची. त्याहून खोल गेलं तर वण राहतो, उथळ राहिलं तर पेशी रुजत नाहीत. रक्त साचलं तर पेशी त्यावर तरंगून वाहून जातात, म्हणून आधी रक्तस्राव थांबवायचा, मग पेशींचा थर, वर कोलाजेनचा पडदा, मग ड्रेसिंग. आठवडाभर ती जागा हलता कामा नये. गुडघ्यावर, घोट्यावर, बोटांच्या सांध्यांवर अपयश जास्त येतं ते बहुधा याच आठवड्यात. रंग दिसायला तीन ते सहा आठवडे, आजूबाजूशी जुळायला सहा महिने. स्थिर नसलेल्या कोडावर ही शस्त्रक्रिया केली तर डाग सहसा भरत नाही, उलट मांडीवर नवा येऊ शकतो.

कुणी 'चाचणीत भाग घ्या' म्हटलं तर घाबरून नकार देऊ नये आणि भारावून सहीही करू नये. भारतात १५ जून २००९पासून चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सक्तीची आहे. ती कुणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो तिथे शोधावा. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा हक्क आहे. बडोद्यात गुजराती, हिंदी, इंग्रजी प्रती तयार असतात. पण नाशिकहून नुकती लग्न होऊन आलेल्या मुलीला मराठी प्रत लागत असेल तर ती तिनं मागावी. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत आणि भरपाईही. आत जाण्याआधी किती आठवडे मलम आणि प्रकाश बंद ठेवावा लागेल, तुलनेच्या गटात पडलो तर खरं औषध पुढे मिळेल का, चाचणी संपल्यावर ट्यूब कोण देणार, आणि माझ्या बोटांचे डाग मापात धरणार की फक्त चेहरा, हे चार प्रश्न सहीआधी लिहून न्यावेत.

बोटांचा प्रश्न उरतो, आणि मला तोच सर्वांत जवळचा वाटतो. चेहरा ओढणीआड जातो, बोटं जात नाहीत. वाण देताना, हिशेब लिहिताना, फळ्यावर खडू धरताना ती समोरच असतात. २०११मध्ये एम्समधल्या गटानं १४ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांडीचा पापुद्रा न काढता डोक्याच्या मागच्या बाजूचे मोजके केस मुळासकट काढले, मुळांभोवतीच्या आवरणातल्या पेशी ट्रिप्सिननं मोकळ्या केल्या आणि डागावर पसरल्या. सरासरी ६५.७ टक्के रंग परतला, पण कुणाला जवळजवळ पूर्ण, कुणाला काहीच नाही, इतकी तफावत होती. ज्यांचं कोड जास्त काळ स्थिर होतं त्यांना जास्त गुण आला. केसाच्या मुळाशी असलेली विहीर जिथे नाही तिथे ती उचलून नेण्याचा हा मार्ग आहे. बोटाच्या टोकावर अजून तो भरवशाचा झालेला नाही. सांधा हलतो, थर निसटतो. आठवडाभर बोट निश्चल ठेवणारी पट्टी कशी बांधायची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण काम आत्ता तिथेच अडलं आहे.